पान पाठ असणं आणि वाचता येणं

तिसरीच्या एखाद्या मुलाला भाषेचं पुस्तक उघडून वाचायला सांगा. पुष्कळदा ते खणखणीत आवाजात, सूर लावून सुरू होतं आणि अर्ध्या मिनिटात परिच्छेद संपवतं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. आता चित्रावर हात ठेवा, परिच्छेदाच्या मधल्या एका शब्दावर बोट टेकवा आणि विचारा, ‘हा कोणता?’ काही मुलं तो शब्द लगेच सांगतात. काही मात्र पहिल्या ओळीपासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत यायला बघतात, मध्येच दोर तुटतो आणि ती तुमच्या तोंडाकडे पाहू लागतात. या मुलांना पान पाठ आहे, वाचता येत नाही. तीन वर्षं ती शाळेत आली, हजेरी भरली, वह्या भरल्या, आणि तरीही हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या बाई-गुरुजींसाठी आणि आपलं मूल वाचत नाही हे उशिरा कळलेल्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. लिहिताना फलटणचं काम सतत डोळ्यांपुढे आहे. मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ साठच्या दशकात अमेरिकेतून फलटणला आल्या त्या तिथली मराठी अभ्यासायला. फलटणमध्ये कोण कसं बोलतं, बोलण्याचा जातीशी आणि शिक्षणाशी काय संबंध, यावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. जाई निंबकरांच्या सोबतीनं परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं केली. १९७८ साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. शाळेत जाऊनही न वाचणारी गावातली दलित, कष्टकरी घरांतली मुलं त्यांना दिसली आणि अभ्यासाची दिशा वळली. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ पासून कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या ऐपतीच्या घरांतली मुलं एका वर्गात शिकतील असा तिचा आग्रह राहिला. पश्चिम महाराष्ट्रातल्या तिसरीच्या मुलांच्या साक्षरतेचा त्यांनी अभ्यास केला तेव्हा त्याच्या शीर्षकातच पाया ढासळल्याचं म्हटलं होतं.

पाया आजही पक्का झालेला नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना. म्हणजे पाचवीतही निम्म्याहून जास्त मुलं विज्ञान, परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणं हे सगळं न वाचता पुढे ढकलली जातात.

न वाचणाऱ्यांत कोण असतं, हे तुमच्या वर्गाची यादी घेऊनच बघा. जिच्या घरी वर्तमानपत्र येतं, आजी गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवते, मोठा भाऊ गृहपाठ घेतो, ती मुलगी आपण कसंही शिकवलं तरी बहुतेक वेळा वाचायला लागते. वर्गात जे राहून जातं ते घर भरून काढतं. ज्याच्या घरी रेशनकार्ड आणि विजेचं बिल सोडून छापलेला कागद नाही, त्याचं राहून गेलेलं कोण भरणार? त्याच्याजवळ फक्त शाळा आहे. म्हणून घराच्या आधारावर उभी असलेली शिकवण्याची पद्धत वर्गाला एकसारखी लागू केली तरी न्याय्य होत नाही. समतेची चर्चा आपण गणवेश, शिष्यवृत्ती, पोषण आहार यांवर करतो, आणि ती करायलाच हवी. पण पहिलीत कोणतं अक्षर कधी शिकवायचं, हाही समतेचाच प्रश्न आहे.

आधी प्रत्येक मूल कुठे आहे ते बघा. त्यासाठी छापील चाचणी लागत नाही. चार कागद करा: एकावर सुटी अक्षरं, दुसऱ्यावर कान, घर, पाणी असे सोपे शब्द, तिसऱ्यावर चार ओळींचा छोटा मजकूर, चौथ्यावर आठ-दहा ओळींची गोष्ट. मजकूर पाठ्यपुस्तकातला नको, नाहीतर पाठांतरच ऐकू येईल. मुलाला वर्गाबाहेर व्हरांड्यात घ्या, शेजारी बसवा, समोर उभं करू नका. पाच मिनिटं पुरतात. अडलं तर लगेच सांगू नका, मनात दहापर्यंत मोजा. तीस मुलांचा वर्ग रोज पाच-सहा मुलं घेतली तर आठवड्यात होतो. तारीख घालून लिहून ठेवा. ‘कच्चा’, ‘हुशार’ असलं लिहू नका. ‘शब्द वाचतो, वेलांटीला अडतो’ असं लिहा, म्हणजे उद्या काय करायचं ते त्यातच दिसतं.

आता अक्षरांकडे येऊ, कारण खरी गोम इथे आहे.

आपली नेहमीची चाल अशी: आधी अ ते अः, मग क ते ज्ञ, मग बाराखडी, मग जोडाक्षरं. ऐकायला क्रम शहाण्यासारखा वाटतो. पण हिशेब करा. चौतीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे चारशेच्या वर आकार. एवढे होईपर्यंत मुलाला अर्थाचं एक वाक्यही वाचायला मिळत नाही. त्यात ङ आणि ञ यांना मराठीत स्वतंत्र कामच जवळजवळ नाही. ‘अ अननसाचा’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलांनी अननस चाखलेला नसतो. ‘ण बाणाचा’ म्हणताना तर ण शब्दाच्या शेवटी लपलेला. अ, आ, इ, ई ही सुटी अक्षरं वाचनात त्यामानाने कमी भेटतात, काना आणि वेलांटी मात्र ओळीओळीला. ज्यांची सर्वांत आधी गरज, ती चिन्हं आपण सर्वांत उशिरा देतो. घरी पुस्तकं असलेलं मूल या वाळवंटातून तग धरून बाहेर पडतं, कारण पलीकडे गोष्ट आहे हे त्यानं घरी पाहिलेलं असतं. दुसऱ्याला ते माहीतच नसतं. त्याच्या दृष्टीनं शाळा म्हणजे आकार गिरवणं.

फलटणला आणि पुढे इतरही ठिकाणी रुजलेली वाट वेगळी आहे: अक्षरांचे छोटे गट करायचे, पहिल्या गटातच एक-दोन स्वरचिन्हं घालायची, आणि त्याच आठवड्यात मुलाला अर्थाचे शब्द वाचू द्यायचे. तुम्ही स्वतः करून बघा. क, म, ल, न, र ही पाच अक्षरं घ्या आणि काना घ्या. कान, नाक, काम, लाल, मला, मामा, काका, रान, कमान, इतकं लगेच मिळतं. ‘कान लाल. नाक लाल.’ हे वाचून मुलं खुदकन हसतात, एकमेकांचे कान बघतात. हसली म्हणजे अर्थ कळला. आता दीर्घ वेलांटी द्या. मी, मामी, काकी, मीना आले, आणि पूर्ण वाक्य आलं: ‘काकी, मी काम करीन.’ पाच अक्षरं, दोन चिन्हं, पंधराच आकार, आणि पहिलीतलं मूल एक आख्खं वाक्य स्वतःच्या बळावर वाचतं. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते ज्यांनी पाहिलंय, ते पुन्हा क ते ज्ञ च्या रांगेत परत जात नाहीत.

गट करताना तीन गोष्टी सांभाळा. वारंवार भेटणारी अक्षरं आधी. त्यांतून मुलाच्या ओळखीचे शब्द व्हायला हवेत. आणि दिसायला सारखी अक्षरं एका गटात नकोत: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ट-ठ-ढ. यांतलं एक नीट मुरल्यावर, काही आठवड्यांनी दुसरं द्या. ऱ्हस्व वेलांटीला वेळ द्या, कारण ती अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. ‘किती’ हा शब्द ‘क’आधीच्या त्या रेघेमुळे मुलाला चकवतो, हे आपण मोठे झाल्यावर विसरून गेलो आहोत. जोडाक्षरं घाईनं नकोत. रफार आणि र ची इतर रूपं तर दुसरीत सावकाश.

रोज नवीन गटातले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर पसरा, मुलांना उचलू द्या, जुळवू द्या, वाक्यं करू द्या. फळा सगळ्यांचा असतो, त्यामुळे मागचा कुणाच्याही आवाजात आपला आवाज मिसळून सुटतो. चिठ्ठी हातात आली की त्याचं त्यालाच वाचावं लागतं.

पण हेच एक सूत्र धरून बसू नका. २०१३ ते २०१६ या काळात शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या वाडा भागात मराठी आणि कर्नाटकात यादगीरला कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत सलग मागोवा घेतला. वर्गातला वेळ अक्षरं ओळखण्यात, घोकण्यात आणि उतरवून काढण्यात जातो, अर्थाकडे फार थोडा, हे त्यांना दिसलं. आणि एवढं करूनही तिसरीच्या पुष्कळ मुलांना साधा परिच्छेद वाचता येत नव्हता. म्हणजे अक्षरासाठी अर्थ बाजूला ठेवला आणि अक्षरही हाती लागलं नाही. म्हणून अक्षरांच्या तासाइतकाच महत्त्वाचा, पहिल्या दिवसापासूनचा दुसरा तास म्हणजे तुम्ही वाचून दाखवायचा. रोज पंधरा मिनिटं, चांगलं चित्रपुस्तक, शब्दाखाली बोट फिरवत. मध्येच थांबून विचारा, ‘आता काय होईल?’ ‘ती का रुसली असेल?’ ज्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातल्या एका ओळीत सापडतं तो प्रश्न कमी विचारा. पुस्तकं शोधायला फार लांब जावं लागत नाही. माधुरी पुरंदऱ्यांची ज्योत्स्ना प्रकाशनची पुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं आहेत, प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट मिळतात. मिळालेली पुस्तकं कपाटात बंद करू नका. फाटली तर चिकटवा. ऑडिटच्या भीतीनं कुलूपबंद राहिलेलं कोरं पुस्तक मला फाटक्या पुस्तकापेक्षा जास्त दुःख देतं.

आता बोलीचा प्रश्न. ‘पाणी’ हा शब्द मुलानं ‘पानी’ असा वाचला तर तुम्ही काय करता? बहुतेक ठिकाणी मूल टोकलं जातं, वर्ग हसतो. थोडं थांबा. त्यानं अक्षरं ओळखली, अर्थ लावला आणि आपल्या घरच्या उच्चारात शब्द म्हटला. ते वाचन बरोबर आहे. ते ‘पाय’ म्हणालं असतं तर चूक होती. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणं हे भाषा शिकवणाऱ्याचं मोठं कसब आहे, आणि फलटणच्या बोलीवर प्रबंध लिहिणारी बाई पुढे मुलांना वाचायला शिकवण्याकडे वळली यात मला काही आश्चर्य वाटत नाही. मुलाची बोली अशुद्ध नाही. तिला नियम आहेत, ती हजारो माणसं रोज बोलतात, त्या बोलीत त्याची आई त्याला जवळ घेते. तिला हसलं की मूल शाळेत तोंड उघडणं बंद करतं, आणि न बोलणारं मूल वाचायला शिकत नाही.

करायचं काय ते सांगतो. सकाळी मुलांना कालचं काही सांगू द्या: शेळी व्याली, पाऊस आला, मामा आला. एकाचं वाक्य ते जसं बोललं तसं फळ्यावर लिहा. ‘आमची शेळी लई मोठी हाय.’ सगळ्यांनी वाचायचं. आपलं बोलणं फळ्यावर उमटतं आणि परत वाचता येतं, हे मुलाला कळणं म्हणजे लेखन काय असतं ते कळणं. काही महिन्यांनी त्याच वाक्याखाली पुस्तकी वाक्य लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवून बोला: घरी असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात. प्रमाण मराठी द्यायचीच आहे. ती न देणं हाही अन्यायच होईल, कारण अर्ज, परीक्षा, नोकरी सगळं तिच्यात आहे. फक्त घरची काढून घेऊन ती द्यायची नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे भिली-पावरी, वाड्याकडे वारली-कातकरी बोलणाऱ्या मुलांना तर पहिलीचं पुस्तक जवळजवळ परक्या भाषेतलंच. तुम्हाला त्यांची भाषा येत नसेल तर रोजच्या वापराचे शंभर शब्द मुलांकडूनच शिका, वहीत लिहा. मुलांनी शिक्षकाला शिकवलं की वर्गाची हवा बदलते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा शिक्षक शेतकरी समाजातून यावेत म्हणजे ते मुलांत मिसळतील, असं सुचवलं होतं. तेव्हापासून ही मागणी उभी आहे.

लिहिण्याबद्दल थोडक्यात. फळ्यावरून उतरवून काढणं हे लेखन नव्हे. आठवड्यातून दोनदा तरी मुलांना आपल्या मनचं लिहू द्या, अक्षरं येत असतील तेवढ्यांत, बाकी चित्र काढून. ‘आइ बजारत गेलि’ असं लिहिलेलं मूल चुकत नाहीये, ऐकलेल्या आवाजाला अक्षर शोधतंय. लाल शाई खिशात ठेवा. खाली तुम्ही एक ओळ लिहा: ‘आई बाजारात गेली, मग तिनं काय आणलं?’ त्यात बरोबर रूपही आलं आणि मुलाला उत्तर लिहायचं कारणही मिळालं.

मग वेळेचा हिशेब. एका वर्गात दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक मुलाकडे लक्ष द्या म्हणणं सोपं आहे, मला त्याची जाणीव आहे. तरी एक दिवस हे कराच: वहीत मुलांची नावं लिहा आणि तुम्ही ज्याच्याशी बोललात, ज्याला विचारलंत, त्याच्यापुढे खूण करा. संध्याकाळी बघा. खुणा पुढच्या बाकांवर, पटकन उत्तर देणाऱ्यांवर, अनेकदा मुलांवर जास्त आणि मुलींवर कमी, गावच्या बऱ्या घरांवर जास्त आणि वस्तीवरून येणाऱ्यांवर कमी पडलेल्या दिसतील. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, पण होतं तसंच. दुसऱ्या दिवशी ज्याच्यापुढे खूण नाही त्याच्यापासून सुरुवात करा. आणि न वाचणारी सगळी मुलं कायमची एका कोपऱ्यात बसवू नका. रोज वीस-पंचवीस मिनिटं पातळीप्रमाणे गट, बाकी वेळ सगळी मिसळून. गट दर पंधरवड्याला बदलायला हवा, नाहीतर त्याची जात होते.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचं वेगळं सांगायला हवं. दिवाळीच्या सुमारास कोयता कारखान्याकडे निघाला की बीडकडचं मूल पाच-सहा महिने आपल्या शाळेबाहेर असतं. शक्य असेल तिथे हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी ते गावातच राहील हे बघा. जाणारच असेल तर जाण्याआधी त्याच्या दप्तरात एक पुठ्ठा घाला: कोणते अक्षरगट झाले, पुढचा कोणता, आणि चार छोट्या गोष्टी. तळावरच्या, कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंनी तो बघितला तर त्यांची पहिल्या पंधरवड्याची शोधाशोध वाचते. परत आल्यावर वर्ग जिथे पोचला तिथून त्याला जोडू नका. पुठ्ठ्यावर थांबला होता तिथून धरा. तुमच्या गावात कारखाना असेल आणि अशी मुलं तुमच्याकडे येत असतील, तर हजेरीवर नाव नाही म्हणून त्यांना व्हरांड्यात बसवू नका.

आईवडिलांनो, तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी पुष्कळ करता येतं. चुलीपाशी किंवा भाकरी झाल्यावर मुलाला शेजारी बसवा आणि ‘वाचून दाखव’ म्हणा. बोट शब्दाबरोबर सरकतंय का बघा. डोळे छताकडे आणि तोंड चालू असेल तर पाठांतर आहे. वाचून झालं की पुस्तक मिटून म्हणा, ‘मला कळलं नाही, परत सांग.’ मूल आपल्या शब्दांत सांगत असेल तर त्याला कळलं आहे. बिस्किटाचा पुडा, एसटीचा बोर्ड, दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका हे सगळं वाचायचं साहित्य आहे. वाचता आलं नाही म्हणून मारू नका. शाळेत जा आणि बाईंना ‘अभ्यासात कसा आहे’ असं विचारू नका, त्यावर ‘बरा आहे’ एवढंच उत्तर मिळतं. विचारा, ‘माझ्या पोरीला न पाहिलेलं पान वाचता येतं का? माझ्यासमोर वाचून घ्या.’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात व्हरांड्यातली ती पाच-पाच मिनिटं काढा. दिवाळीच्या सुट्टीआधी तेच चार कागद पुन्हा घ्या, मग फेब्रुवारीत. मुलानं आपल्या मनानं लिहिलेला पहिला कागद, त्यातल्या सगळ्या चुकांसकट, तारीख घालून फाइलमध्ये ठेवा आणि पालकसभेच्या दिवशी त्याच्या आईच्या हातात द्या. तिला वाचता येत नसेल तर तिच्या शेजारी बसवून त्यालाच तो वाचायला सांगा.